अळणीतली मॅकरोनी

गेल्या विकांताला घरात एकटाच होतो. बायको आणि पोरगं माहेरी, हापिसातलं रिलीज शुक्रवारी रात्री अडीचला एकदाचं गेलेलं, आणि भांडीवाल्या मावशी तीन दिवसांच्या सुट्टीवर. म्हणजे जे काही शिजवायचं त्याची भांडी आपल्यालाच घासायची. अशा वेळी माणूस किती भांड्यांत स्वयंपाक करेल? बरोब्बर. एका.

फ्रीजमध्ये अर्धा किलो बोनलेस चिकन होतं, फडताळात पेने पास्त्याचं पाकीट होतं. मोठं पातेलं चढवलं, तेलात कांदा-लसूण परतला, चिकन परतलं, तीन टोमॅटो चिरून टाकले, पाणी ओतलं, आणि कोरडा पास्ता तसाच त्यात सोडला. वेगळा उकडणं नाही, चाळणीत निथळणं नाही. पंधरा मिनिटांत रस दाटसर झाला आणि मी पातेल्यातूनच जेवलो. (बायकोला सांगू नका.)

पहिल्या घासाला छान वाटलं. दुसऱ्या घासाला एकदम ओशाळल्यासारखं झालं. कारण ही चव मला ओळखीची होती, आणि कुठली ते आठवलं.

तर झालं होतं असं. २००९ साली मी आठ महिन्यांचं ऑनसाईट संपवून जर्मनीतून परत आलो. तिथे टीममध्ये एक इटालियन होता. त्याने मला पास्ता 'शिकवला'. नियम कडक. शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ. पाणी खळखळून उकळल्याशिवाय पास्ता आत जाणार नाही. सॉस वेगळा. आणि पास्ता दाताखाली लागला पाहिजे, गाळ झाला की फेकून द्यायचा. मला हे सगळं फार पटलं. आपल्या पेशात नेमकं प्रमाण सांगणाऱ्या माणसावर लगेच विश्वास बसतो.

परत आल्यावर कोल्हापूरला गेलो. रविवार, म्हणजे घरात कोंबडी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: आमच्याकडे मटण किंवा कोंबडी आधी हळद, मीठ, आलं-लसूण आणि कांदा घालून नुसती शिजवतात. त्या पाण्याला म्हणतात अळणी. नाव अळणी असलं तरी त्यात मीठ असतं बरं का, तिखट नसतं. त्यातलं थोडं बाजूला काढून पोराबाळांना आणि आजाऱ्यांना भातावर देतात, मग उरलेल्याचा तांबडा-पांढरा रस्सा. त्या दिवशी आईने माझ्यासाठी खास म्हणून मॅकरोनीचं पाकीट आणून ठेवलं होतं. पोरगा परदेशातून आलाय, त्याला तिकडचं आवडत असेल. तिने अळणी काढली, त्यात मॅकरोनी टाकली, वरून मिरपूड आणि कोथिंबीर, आणि वाडगा भरून माझ्यापुढे ठेवला.

आणि मी काय म्हणालो? "आई, पास्ता असा नाही करत." एवढंच म्हणून थांबलो असतो तरी चाललं असतं. मी तिला एक लिटर आणि दहा ग्रॅमचं सगळं लेक्चर दिलं. ती म्हणाली, "बरं बाबा." मी वाडगा संपवला. त्यानंतर तिने मॅकरोनी कधी केली नाही. मलाही कधी आठवण झाली नाही, थेट गेल्या शनिवारपर्यंत.

मग उरलेला दिवस झोपायचं सोडून वाचत बसलो. जे सापडलं ते थोडक्यात सांगतो.

सगळ्यात आधी मार्को पोलोला वाटेला लावू. त्याने चीनमधून पास्ता आणला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. पोलो व्हेनिसला परतला १२९५ साली. आणि जिनोव्हातल्या एका नोटरीच्या १२७९ च्या कागदपत्रांत पोन्झिओ बास्तोने नावाच्या एका सैनिकाच्या मालमत्तेच्या यादीत मॅकरोनीने भरलेलं एक पिंप आहे. म्हणजे पोलो घरी येण्याच्या सोळा वर्षं आधी पास्ता इटलीत वारसाहक्काने वाटण्याइतका किमती होता आणि पिंपात भरून ठेवण्याइतका टिकाऊही. चीनवाली गोष्ट लोकप्रिय केली ती १९२९ साली अमेरिकेतल्या मॅकरोनी उत्पादकांच्या 'मॅकरोनी जर्नल' या मासिकाने. त्या गोष्टीत पोलोच्या जहाजावर चक्क स्पॅगेटी नावाचा खलाशी होता. :)

खरा धागा अरबांकडे जातो. नवव्या शतकातल्या ईशो बार अली या वैद्याच्या कोशात 'इत्रिया' हा शब्द आहे: रव्याचे दोऱ्यासारखे लांब तुकडे, वाळवून मग शिजवायचे. वाचताना तुमच्याही डोळ्यांपुढे शेवयाच आल्या असतील. पुढे ११५४ साली सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्या पदरी असलेल्या अल-इद्रिसी या भूगोलकाराने लिहून ठेवलं की पालेर्मोच्या पूर्वेला त्राबिया नावाच्या गावी इत्रिया इतकी बनते की जहाजं भरभरून मुसलमान आणि ख्रिस्ती दोन्ही मुलखांत जाते. म्हणजे पास्ता सुरुवातीपासून साठवणीचा आणि व्यापाराचा माल. आपल्या वाळवणासारखाच, फक्त गच्चीऐवजी बंदरावर.

जाता जाता गव्हाबद्दल. हा पास्ता बनतो ड्युरम गव्हाचा, म्हणजे आपल्याकडचा बन्सी. कठीण दाणा, पिवळसर रवा, शिजला तरी आकार धरून राहणारा. या ड्युरमचा पूर्वज म्हणजे एमर गहू, आणि एमरला आपल्याकडे म्हणतात खपली. आईच्या माहेरी खपलीच्या शेवया आणि कुरडया होतात. तेव्हा नातं अगदीच लांबचं नाहीये.

आता मुद्द्याचं. हा पास्ता लोक शिजवायचे कशात?

चौदाव्या शतकाच्या मध्यावर बोक्काचिओने 'डेकामेरॉन' लिहिलं. त्यातल्या आठव्या दिवसाच्या एका गोष्टीत कालांद्रिनो नावाच्या भोळसट माणसाला एक जण थाप मारतो की बेंगोदी नावाच्या मुलखात किसलेल्या पार्मेझान चीजचा अख्खा डोंगर आहे. डोंगरावरच्या लोकांना दुसरा उद्योग नाही. ते मॅकरोनी आणि राव्हिओली करतात, केपनच्या रश्श्यात शिजवतात आणि खाली गडगडत सोडतात, ज्याला हवी त्याने घ्यावी. केपन म्हणजे खच्ची करून खाऊन-पिऊन गुबगुबीत केलेला कोंबडा. (तेव्हाची मॅकरोनी आजच्यासारखी पोकळ नळीच असेल असं नाही, तो शब्द तेव्हा बराच सैल वापरायचे.)

मी हे दोनदा वाचलं. चौदाव्या शतकातल्या माणसाला स्वर्ग रंगवायचा होता, आणि त्याने रंगवला तो कोंबडीच्या पाण्यात शिजलेल्या मॅकरोनीचा. आमच्या घरात त्या पाण्याला अळणी म्हणतात.

ही नुसती गोष्टीतली चैन होती का? तर नाही. पंधराव्या शतकात मार्टिनो दा कोमो नावाच्या आचाऱ्याने पाककृतींचं पुस्तक लिहिलं. त्यात सिसिलियन मॅकरोनी आहे. उन्हात वाळवा, दोन-तीन वर्षं टिकते, म्हणतो. आणि शिजवायची कशात? पाण्यात किंवा चांगल्या मांसाच्या रश्श्यात. किती वेळ? दोन तास. हो, दोन तास! माझ्या इटालियन मित्राला भोवळ आली असती. आणि हे खूळ एकट्या मार्टिनोचं नव्हतं. १८६१ साली इंग्लंडात मिसेस बीटनबाई आपल्या जाडजूड पुस्तकात मॅकरोनी दीड तासाच्या वर शिजवायला सांगतातच. दाताखाली लागणारा पास्ता ही सनातन परंपरा वगैरे काही नाही.

मग हे साधं खारं पाणी आणि वेगळा सॉस आला कुठून? त्यासाठी नेपल्सला जावं लागतं.

सोळाव्या शतकापर्यंत नेपल्सच्या लोकांना बाकीचे इटालियन 'पाला खाणारे' म्हणून चिडवायचे, कारण त्यांचं मुख्य अन्न कोबी आणि पालेभाजी, सोबत मांस. सतराव्या शतकात शहर फुगलं, मांस आणि भाजी परवडेना, आणि त्याच सुमाराला पीठ मळायची यंत्रं आणि पास्ता दाबून काढायचा दाब वापरात आल्यामुळे पास्ता स्वस्त झाला. आपल्याकडचा सोऱ्या डोळ्यांपुढे आणा, फक्त राक्षसी आकाराचा. बघता बघता 'पाला खाणारे' हे 'मॅकरोनी खाणारे' झाले. एमिलियो सेरेनी या इतिहासकाराने ही सगळी उलथापालथ सविस्तर मांडली आहे. रस्त्यारस्त्यांवर मोठाल्या कढया लागल्या. गिऱ्हाईक यायचं, विक्रेता उकळत्या पाण्यातून मॅकरोनी उचलायचा, वर चीज भुरभुरायचा, आणि गिऱ्हाईक मान मागे टाकून हातानेच खायचं. १७८७ साली गटे नेपल्सला गेला तेव्हा त्यानेही हेच नोंदवलं: सगळीकडे मिळते, स्वस्तात मिळते, बहुतेक वेळा नुसत्या पाण्यात उकडलेली असते आणि वर किसलेलं चीज.

नुसत्या पाण्यात! का? माझा तर्क असा. रस्त्यावरच्या गरिबाला केपनचा रस्सा देणार कोण? ज्या पद्धतीला आज आपण 'शुद्ध' म्हणतो तिच्यामागे पाककलेपेक्षा रिकामा खिसा जास्त असावा. आणि रस्त्यावर दोन तास कुणाला वेळ आहे? १८३९ साली कावाल्कांती नावाच्या सरदाराने नेपल्सच्या बोलीत घरगुती पाककृती छापल्या. त्यात तो शेवया 'हिरव्या हिरव्या' असताना, म्हणजे थोड्या कच्च्या असतानाच काढायला सांगतो, आणि टोमॅटोच्या सॉसमध्ये घालतो. टोमॅटोचा सॉस नेपल्समध्ये छापून आला होता १६९० च्या दशकात, लातिनीच्या पुस्तकात, पण पास्त्यासाठी नव्हे. पास्ता आणि टोमॅटोची गाठ पडायला आणखी शंभर वर्षं जावी लागली. म्हणजे ज्या जोडीला आपण इटलीची ओळख समजतो ती जेमतेम सव्वादोनशे वर्षांची.

आता थोडं आपल्या भाषेत बोलू. वेगळं उकडणं आणि वेगळा सॉस म्हणजे दोन मॉड्यूल सुटी करणं. पास्ता दहा मिनिटांत होणार, मांसाचा सॉस तीन तास घेणार. दोघांच्या वेळा जुळत नसतील तर त्यांना एकमेकांत अडकवायचं नाही, शेवटी एकत्र आणायचं. अगदी योग्य डिझाईन. मार्टिनोच्या काळी दोन्ही गोष्टींना तासनतास लागायचे, त्यामुळे एका भांड्यात भागत होतं. पास्ता पटकन काढायची आवड आली, वेळा फाटल्या, आणि भांडी दोन झाली.

मग आज पुन्हा एका भांड्यात का जमतं? कारण या वेळी कोंबडी बदलली. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. १९५७ सालच्या जातीची कोंबडी, १९७८ सालची आणि २००५ सालची, तिघींना एकच खाद्य देऊन वाढवलं. ५६ दिवसांनी वजनं भरली अनुक्रमे ९०५ ग्रॅम, १,८०८ ग्रॅम आणि ४,२०२ ग्रॅम. म्हणजे आपण जी खातो ती कोंबडी वजनाने मोठी आणि वयाने अगदी पोर असते. तिचं मांस कोवळं, ते पंधरा-वीस मिनिटांत शिजतं. कोल्हापूरच्या घरी गावरान कोंबडी शिजायला तासभर सहज जायचा. पास्त्याचा वेळ आधी कमी झाला होता, आता कोंबडीचाही झाला, आणि सहाशे वर्षांनी दोघं पुन्हा एका पातेल्यात भेटले. (ही कोंबडी इतक्या लवकर इतकी मोठी होते त्याची किंमत तिचे पाय आणि तिचं काळीज मोजतं, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

आणि पाण्याचं काय? एका लिटरचा नियम मोडला तर काय होतं? २००९ साली, म्हणजे मी आईला लेक्चर देत होतो त्याच वर्षी, अन्नविज्ञानावर लिहिणारा हॅरल्ड मॅगी न्यूयॉर्क टाइम्समध्ये दाखवून देत होता की साधारण साडेचारशे ग्रॅम पास्ता दीड-दोन लिटर पाण्यात, तोही गार पाण्यापासून सुरुवात करून, व्यवस्थित शिजतो. फक्त मधूनमधून ढवळायचं. कारण सोपं आहे. पास्त्याच्या पृष्ठभागावरचा स्टार्च पाण्यात उतरतो. पाणी भरपूर असेल तर तो पातळ होऊन मोरीत जातो. पाणी कमी असेल तर तोच स्टार्च रस दाट करतो. भाताची पेज आठवा, किंवा वरणफळं. कणकेची फळं वरणातच शिजवतात ना? आधी वेगळी उकडून कुणी निथळली आहेत का? २०१३ साली मार्था स्टुअर्टच्या मासिकाने एका पॅनमध्ये सगळं कच्चं टाकून नऊ मिनिटांत होणारा पास्ता छापला आणि जगभर गाजला, त्यामागे हेच गणित आहे. त्यांना ती कल्पना सापडली होती दक्षिण इटलीतल्या पुल्यात. घ्या!

२०२२ साली तर नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ जॉर्जो पारिसी यांनी गॅस वाचवायला पाणी उकळल्यावर पास्ता टाकून झाकण ठेवा आणि थोड्या वेळाने गॅस बंद करा असं सुचवलं, तर इटलीतले शेफ त्यांच्यावर तुटून पडले. नोबेल असलं तरी पातेल्याला हात लावायचा नाही म्हणे. माझ्या मित्राचा राग मला आता जरा समजतो. पण इटलीनेही रश्श्यातला पास्ता कधी सोडलेला नाही. १८९१ च्या आर्तुसीच्या पुस्तकात, ज्याला इटालियन स्वयंपाकाचं 'रुचिरा' म्हणायला हरकत नाही, सुरुवातीलाच रोमान्या भागातली कापेल्लेत्ती आहे. ती नाताळच्या दिवशी खातात. शिजवतात केपनच्या रश्श्यात. सणाचं जेवण आहे ते त्यांचं.

कृती हवी असेल तर घ्या. अर्धा किलो बोनलेस चिकन (मांडीचं घ्या, छातीचं कोरडं पडतं), अडीचशे ग्रॅम पेने, एक मोठा कांदा, सहा-सात पाकळ्या लसूण, तीन टोमॅटो, पाऊण लिटर गरम पाणी. कांदा-लसूण परता, चिकन मीठ-मिरी लावून पाच-सात मिनिटं खरपूस करा, टोमॅटो गळेपर्यंत शिजवा. पास्ता आणि पाणी घाला, उकळी आली की आंच मध्यम करा, आणि दर दोन मिनिटांनी तळापासून ढवळा, नाहीतर बुडाला लागेल. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त लागतात. पाकीट घेताना ड्युरम रव्याचं आहे ना ते बघा, मैद्याचा पास्ता एका भांड्यात खरंच गाळ होतो. शेवटी थोडं चीज. नसेल तर कोथिंबीर.

असो. रविवारी सकाळी कोल्हापूरला फोन लावला.

"आई, तू ती मॅकरोनी कशी करायचीस गं? अळणीतली?"

"कुठली? तू म्हणालास ना, तशी नसते करायची."

इतक्या वर्षांनी, शब्दासकट. मला काही सुचेना, म्हणून मी सगळा इतिहास सुरू केला. सिसिली, बोक्काचिओ, चीजचा डोंगर, केपन, दोन तास. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे आता इटलीवाले म्हणाले म्हणून बरोबर झालं होय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शनिवारी दुपारपासून मी जे वाचत होतो ते सगळं याच एका प्रश्नाला चुकवण्यासाठी होतं, हे तिला फोनवरून कळलं. त्या दिवशी वाडगा चांगला लागला होता. ते म्हणायला १३५० साल गाठायची गरज नव्हती.

"चुकलंच माझं," मी म्हणालो.

"बरं बाबा," ती म्हणाली. मग जरा थांबून, "येशील तेव्हा ते पाकीट घेऊन ये. इथलं लई गाळ होतं."

पुढच्या महिन्यात जातोय. ड्युरमची दोन पाकिटं घेऊन ठेवली आहेत. भांडी मी घासणार आहे. एकच तर पातेलं असेल.